आधी छप्पर, मग सौरपॅनेल : नवतप्यातल्या रायपूरचा हिशेब

दरवर्षी २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो आणि छत्तीसगडात नवतपा सुरू होतो. विदर्भातल्या वाचकांना हा शब्द नवा नाही. दुपारी रस्ते ओस पडतात, दुकानांची शटरे अर्धी खाली येतात आणि कूलरच्या टाक्या दिवसातून दोनदा भराव्या लागतात. लोकपरंपरेने या नऊ दिवसांना नाव दिले. त्यांच्या दाहकतेचे एक कारण खगोलशास्त्र सांगते. रायपूर सुमारे २१.२५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस वसलेले आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा मध्यान्हीचा सूर्य या शहराच्या अगदी माथ्यावर येतो : एकदा २६-२७ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर. जुलैत आकाशावर पावसाळी ढगांचे आवरण असते. मेमध्ये ते नसते. शून्य सावलीचा दिवस रायपुरात नवतप्यातच पडतो.

घर बांधणाऱ्यासाठी या एका वस्तुस्थितीचा अर्थ फार मोठा आहे. ज्या दिवसांत ऊन सर्वाधिक प्रखर, त्याच दिवसांत ते उभ्या भिंतींना ओझरते स्पर्शून छतावर सरळ कोसळते. दक्षिणेची भिंत हिवाळ्यात, सूर्य मध्यान्ही क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असताना तापते. मे-जूनमध्ये साध्या छज्जाची सावलीही तिला पुरते. पूर्व आणि पश्चिमेच्या भिंतींना सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन सोसावे लागते. छताला मात्र दिवसभर सुटका नाही. या अक्षांशावर घराची सर्वांत उघडी भिंत म्हणजे त्याचे छत.

आणि नेमक्या याच छतांवर आता निळीकाळी सौरपॅनेले दिसू लागली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ सुरू केली. एक कोटी घरांचे लक्ष्य आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्यासाठी १८,००० असे एकूण ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. छत्तीसगड सरकारने २०२५ मध्ये त्यात स्वतःचे ३०,००० रुपयांपर्यंत अनुदान जोडले. म्हणजे तीन किलोवॅटच्या संचासाठी रायपूरच्या कुटुंबाला १,०८,००० रुपयांचे सार्वजनिक साहाय्य उपलब्ध झाले. योजना चांगली आहे आणि तिचे स्वागतच व्हायला हवे. तरीही तिच्या रचनेत एक पोकळी राहून गेली आहे. पॅनेलसाठी लाखभर रुपये देणाऱ्या या योजनेत, त्या पॅनेलखालचे छत उष्णतेला किती अडवते हा प्रश्न कुठेही विचारला जात नाही. ऊर्जाकार्यक्षम घराचा विचार या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा. रायपुरात तर नक्कीच.

स्लॅबमधून येणारी उष्णता

एक साधे गणित मांडून पाहावे. शंभर चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे १०७६ चौरस फुटांचे, १५ सेंटिमीटर जाडीचे सिमेंट काँक्रीटचे उघडे छत आहे. बाहेरच्या हवेचे तापमान ४२ अंश सेल्सिअस आणि छतावर पडणारे ऊन दर चौरस मीटरला ९०० वॅट. जुन्या, काळवंडलेल्या काँक्रीटने त्यातले ७० टक्के ऊन शोषले, तर ऊन आणि हवा यांचा एकत्रित परिणाम सुमारे ६५ अंश तापमानाच्या हवेइतका होतो. आत खोली २७ अंशांवर ठेवायची आहे. फरक ३८ अंशांचा.

आता किती उष्णता आत येईल, हे छताच्या ‘यू-मूल्या’वर ठरते. दोन्ही बाजूंच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून दर सेकंदाला किती ऊर्जा पार होते, त्याचे हे माप. अशा उघड्या स्लॅबचे यू-मूल्य ३.३ च्या आसपास भरते. गुणाकार केला की दर चौरस मीटरला १२५ वॅट, आणि संपूर्ण छतातून साडेबारा किलोवॅट. शीतकरणाच्या भाषेत एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता. म्हणजे केवळ छतातून येणारी उष्णता बाहेर काढायला साडेतीन टन क्षमता लागेल. भिंती, खिडक्या, माणसे, स्वयंपाकघर यांचा हिशेब वेगळाच.

तेच छत पांढरे केले आणि त्याचे ऊन शोषण्याचे प्रमाण ३० टक्क्यांवर आणले, तर बाहेरचे परिणामी तापमान ५० अंशांवर उतरते आणि आत येणारी उष्णता सुमारे साडेसात किलोवॅट होते. एवढ्यानेच ४० टक्के घट झाली. त्यावर उष्णतारोधक थर देऊन यू-मूल्य १.२ वर आणले, तर हा आकडा पावणेतीन किलोवॅटवर येतो. साडेबारावरून पावणेतीनवर. यासाठी फार जाड थर लागतो असेही नाही. चांगल्या प्रतीच्या फेसाळ उष्णतारोधकाचा दोन ते अडीच सेंटिमीटरचा थर आणि त्यावर संरक्षक कोबा किंवा फरशी एवढ्याने १.२ ची पातळी गाठता येते.

१.२ हा आकडा मनाने घेतलेला नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केलेल्या ‘इको निवास संहिते’त निवासी इमारतींच्या छतासाठी हीच कमाल मर्यादा घातली आहे. अडचण एवढीच की ती संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी लिहिली गेली. रायपूरच्या नव्या वसाहतींत हजार, पंधराशे, चोवीसशे चौरस फुटांचे भूखंड विकले जातात. ५०० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ ५,४०० चौरस फूट. ज्या घरांची संख्या सर्वांत अधिक, त्यांच्यापर्यंत हा नियम पोहोचतच नाही.

वरचे गणित स्थिर परिस्थितीचे आहे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. प्रत्यक्षात स्लॅबचे वस्तुमान उष्णता काही काळ स्वतःत साठवते, तिचा कमाल बिंदू खाली आणते आणि चार-पाच तास पुढे ढकलते. दुपारी एकचे ऊन संध्याकाळी सहाच्या सुमारास छताच्या आतल्या पृष्ठभागावर पोहोचते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे : सूर्य मावळतो, अंगणात वारा सुटतो आणि खोलीत मात्र छत भट्टीसारखे धग सोडत राहते. हा विलंब वरवर किरकोळ वाटतो. पण सौरऊर्जेच्या संदर्भात सारा घोटाळा याच विलंबात आहे.

दिवसाची वीज, रात्रीची गरज

एक किलोवॅटचे सौरपॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिटे वीज देते. तीन किलोवॅटच्या संचातून दिवसाला बारा, महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या मासिक वापराच्या तुलनेत हा आकडा भरघोस आहे. पण ही वीज सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात निर्माण होते. त्या वेळी मोठी माणसे कामावर असतात, मुले शाळा-महाविद्यालयांत. घराची भूक वाढते ती सातनंतर. दोन शयनकक्षांतील एसी रात्रभर, आठ तास, सरासरी ०.८ किलोवॅटने चालले तर जवळजवळ तेरा युनिटे खर्च होतात. म्हणजे दिवसभराच्या उत्पादनाइतकीच वीज रात्री दोन खोल्यांत संपते आणि त्या वेळी पॅनेल काहीच देत नसते.

ही दरी ‘नेट मीटरिंग’ने भरली जाते. दिवसाची शिल्लक वीज ग्रिडला द्यायची, रात्री ग्रिडकडून घ्यायची आणि महिन्याअखेर वजाबाकी करायची. बिलावर शून्य येते. मात्र बिलावरचे शून्य आणि भौतिकशास्त्रातले शून्य एक नव्हे. रात्री दोन वाजता रायपूरच्या एसीला मिळणारी वीज बहुतांशी कोळशाची असते. कोरब्याचे २,६०० मेगावॅटचे आणि सीपतचे २,९८० मेगावॅटचे औष्णिक केंद्र याच राज्यात आहेत. कोळसा याच राज्याच्या जंगलांखालून निघतो, राखही याच राज्यात साठते. हसदेव अरण्याच्या भवितव्यावरून होणारा संघर्ष आणि रायपूरच्या शयनकक्षातले २० अंशांचे तापमान यांच्यात सरळ तार जोडलेली आहे.

देशपातळीवरही हेच चित्र आहे. ३० मे २०२४ रोजी, नवतप्याच्याच दिवसांत, भारताची विजेची मागणी २५० गिगावॅटच्या विक्रमी पातळीवर गेली. दुपारच्या मागणीला सौरऊर्जा आता बऱ्यापैकी हातभार लावते. कसोटी लागते ती सूर्यास्तानंतरच्या मागणीची. म्हणूनच केंद्राच्या २०२३ च्या वीज ग्राहक नियमांनी दिवसाच्या वेळेनुसार दर ठरवण्याची दिशा घेतली : सौर तासांत स्वस्त, कमाल मागणीच्या तासांत महाग. स्मार्ट मीटर घरोघरी पोहोचतील तसा हा फरक कुटुंबांच्या खिशाला जाणवू लागेल. आजच्या नेट मीटरिंगच्या हिशेबावर वीस-पंचवीस वर्षांचे नियोजन उभे करणे म्हणूनच धाडसाचे आहे. सरकारी सवलती किती लवकर बदलतात, हे रायपूरकरांनी पाहिलेच आहे. मार्च २०१९ पासून ४०० युनिटांपर्यंत निम्म्या बिलाची सवलत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये ती १०० युनिटांवर आणली गेली आणि नंतर पुन्हा काहीशी वाढवली गेली. अनुदान बदलते, दर बदलतात. छताचे यू-मूल्य मात्र एकदा कमी केले की कोणत्याही शासननिर्णयाने वाढत नाही.

थंडावा साठवणारे छत

येथे एक आक्षेप स्वाभाविक आहे. वीज फुकट मिळत असेल तर उष्णतारोधनावर वेगळा खर्च का करावा? तीनऐवजी पाच किलोवॅटची पॅनेले लावली की झाले! आणि रात्रीसाठी बॅटरी घेतली की कोळशाचाही प्रश्न सुटला.

या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धे. बॅटरीची क्षमता घराच्या रात्रीच्या गरजेवर ठरते. तेरा युनिटांची गरज भागवणारी बॅटरी आणि पाच युनिटांची बॅटरी यांच्या किमतीत जो फरक पडतो, त्यात छताचे उष्णतारोधन सहज बसू शकते. बॅटरीचे आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे. नीट झाकलेला उष्णतारोधक थर स्लॅबइतकाच टिकू शकतो. शिवाय जास्त पॅनेले लावण्याला जागेची मर्यादा आहे. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. पाण्याची टाकी, जिन्याची खोली आणि कपडे वाळवण्याची जागा वगळता छोट्या घराच्या छतावर फारसे काही उरत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. उष्णतारोधक थर स्लॅबच्या वरच्या बाजूला असेल, तर स्लॅब स्वतःच थंडाव्याचे कोठार बनतो. शंभर चौरस मीटरच्या, १५ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन सुमारे ३६ टन भरते. त्याचे तापमान एका अंशाने उतरवायला जवळजवळ नऊ किलोवॅट-तास उष्णता काढावी लागते. दुपारी, पॅनेले भरात असताना, एसी चालवून हा स्लॅब दोन अंशांनी थंड केला तर अठरा किलोवॅट-तासांचा थंडावा साठतो. एसीच्या कार्यक्षमतेचा विचार करता तो सुमारे पाच युनिट विजेच्या तोडीचा आहे. संध्याकाळी हाच थंडावा हळूहळू खोलीत परततो. उघड्या स्लॅबच्या घरात हे शक्य नाही, कारण तिथे दुपारभर ऊन त्याच स्लॅबमध्ये उष्णता ओतत असते. एकच वस्तुमान, उष्णतारोधक थर वर असेल तर ते मित्र, नसेल तर शत्रू.

पॅनेले आणि छत यांचे नातेही परस्परपूरक आहे. पॅनेल छतावर सावली धरते. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत, पॅनेलखालच्या छतातून इमारतीत येणारी उष्णता सुमारे ३८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. उलट, तापलेले छत पॅनेलचेही नुकसान करते. ४२ अंशांच्या हवेत, भर उन्हात, पॅनेलमधील सिलिकॉनचे तापमान ७० अंशांच्या आसपास जाते आणि २५ अंशांच्या प्रमाण तापमानापेक्षा प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण ०.३५ टक्क्याने घटते. म्हणजे सुमारे १५ टक्के घट. पॅनेलखालून वारा खेळता राहिला आणि खालचे छत पांढरे, तुलनेने थंड असले तर ही घट काही अंशी कमी होते. म्हणून पॅनेले छताला चिकटवून बसवण्यापेक्षा पुरेशा उंचीच्या सांगाड्यावर, दक्षिणेकडे सुमारे वीस अंशांच्या उतारावर बसवावीत. रायपुरात आणखी एक पथ्य अनिवार्य आहे. उरला आणि सिलतरा येथील स्पंज आयर्न व पोलाद उद्योगांच्या परिसरात छतांवर काळ्या धुळीचा थर बसतो. हा थर पॅनेलची वीज खातो आणि पांढऱ्या रंगाची परावर्तनक्षमताही. नियमित धुण्याची सोय, नळ आणि चढायला सुरक्षित जिना या गोष्टी नकाशातच असाव्यात. केवळ रंगापेक्षा पांढऱ्या फुटक्या फरशांचे चायना मोझेक अशा ठिकाणी अधिक टिकाऊ ठरते, कारण ते घासून पुन्हा पांढरे करता येते.

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. साधा ग्रिड-संलग्न सौरसंच वीज गेली की बंद पडतो, मग ऊन कितीही असो. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी ही व्यवस्था आवश्यकच आहे. मेच्या दुपारी वीज गेल्यावर छतावर पॅनेल असूनही पंखा थांबतो, तेव्हा कुटुंब चकित होते. अशा वेळी आधार असतो तो एकतर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरीचा, किंवा उशिरा तापणाऱ्या घराचा. त्यातला दुसरा आधार कधीही बंद पडत नाही.

एका शहराचे तीन ऋतू

हवामान-नियंत्रण म्हणजे एसी, हे समीकरण रायपूरच्या हवामानाला लागू पडत नाही. भारतीय ऊर्जासंहितांच्या वर्गीकरणात हे शहर मिश्र हवामानाच्या पट्ट्यात मोडते. येथे उन्हाळा कोरडा, पावसाळा दमट आणि हिवाळा सुखद आहे. तिन्हींना एकच यंत्र हा उपाय नव्हे.

एप्रिल-मेमध्ये हवेत ओलावा कमी असतो. ४२ अंश तापमान आणि २० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना ओल्या फडक्याचे तापमान सुमारे २४ अंश भरते. चांगला कूलर या फरकाचा ८० टक्के उपयोग करतो असे धरले, तर त्यातून २८ अंशांच्या आसपासची हवा मिळते, आणि तीही दीड-दोनशे वॅटमध्ये. खिडकीची एक फट उघडी ठेवून ही हवा बाहेर जाऊ दिली पाहिजे, एवढेच पथ्य. किंमत पाण्यात मोजावी लागते : एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ०.६७ किलोवॅट-तास उष्णता शोषते. म्हणजे एक टन शीतकरण तासभर मिळवायला पाच लिटरांहून अधिक पाणी लागते. कधीकाळी तलावांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि आज उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या रायपूरने हा आकडा विसरू नये. छतातून येणारी उष्णता कमी केली तर वीजही वाचते आणि पाणीही.

जुलै-ऑगस्टमध्ये हाच कूलर निरुपयोगी होतो. हवाच ओलाव्याने भरलेली असते. पाणी वाफ होणार कुठे? या काळात हवेचे चलन आणि ओलावा काढणे ही खरी गरज असते. एसी २६-२७ अंशांवर आणि सोबत पंखा, हा मेळ २२ अंशांच्या बंद खोलीपेक्षा स्वस्त आणि पुष्कळदा अधिक सुखावह असतो. तापमान एका अंशाने वर ठेवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. म्हणूनच जानेवारी २०२० पासून नव्या एसींचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवणे बंधनकारक झाले. पंख्यांचा हिशेब तर आणखी सोपा आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॅट खातो, बीएलडीसी मोटरचा तीस. घरातले पाच पंखे रोज पंधरा तास चालले तर महिन्याला शंभर युनिटे वाचतात. जवळजवळ एका किलोवॅटच्या पॅनेलचे हे मासिक उत्पादन आहे. तेही छतावरची एक इंच जागा न व्यापता.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत खिडक्या उघडल्या की पुरते. मार्चमध्येही रात्री तापमान विशीच्या आसपास उतरते. त्या हवेने घर रात्रभर धुऊन काढावे आणि सकाळी आठला खिडक्या बंद कराव्यात. मेमध्ये मात्र रात्रीचे किमान तापमानच २८ च्या आसपास असते. तेव्हा या युक्तीला मर्यादा पडतात.

जुन्या घरांना हे सारे ठाऊक होते. छत्तीसगडी मातीच्या घराच्या जाड भिंती, छुहीच्या पांढऱ्या मातीने सारवलेले पृष्ठभाग, घराभोवतीची परछी आणि खापऱ्यांचे उतरते छप्पर. वैदर्भीय वाड्यांतील पडवी, चौक आणि दारावरचे वाळ्याचे ताटे. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून या दोन प्रदेशांत माणसांची ये-जा आहे आणि १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूरहूनच चाले. उन्हाशी वागण्याची रीतही दोन्हीकडे सारखीच. त्या घरांकडे परत जाण्याचा आग्रह कुणी धरू नये. मातीच्या भिंतीला दरवर्षीची निगा लागते, खापऱ्या फेरायला कुशल हात लागतात, आणि बहुमजली शहरात तो मार्ग उरलेला नाही. त्यांचे तत्त्व मात्र आजच्या साहित्यातही उतरते. फ्लाय अॅश वापरून तयार होणाऱ्या एएसी ठोकळ्यांची २० सेंटिमीटरची भिंत, नऊ इंची विटांच्या भिंतीच्या तुलनेत जेमतेम एक-तृतीयांश उष्णता आत सोडते. औष्णिक केंद्राची राखच औष्णिक विजेची गरज कमी करते, हा न्याय विलक्षण आहे. पश्चिमेला जिना, न्हाणीघर आणि कोठीची खोली. शयनकक्ष पूर्वेला किंवा उत्तरेला. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून जाळी किंवा पडदा, कारण काचेतून आत शिरलेले ऊन आतला पडदा अडवू शकत नाही. या गोष्टी नकाशाच्या टप्प्यावर जवळजवळ फुकट असतात. घर उभे राहिल्यावर त्यांची किंमत मोजावी लागते.

क्रमाचा प्रश्न

यातून नियोजनाचा एक क्रम निघतो. आधी सावली आणि दिशा, मग छत आणि भिंती, मग पंखे व कूलर, त्यानंतर उरलेल्या गरजेपुरता एसी आणि शेवटी त्या सर्वांच्या बेरजेवरून सौरसंचाची क्षमता. आज बाजारात हा क्रम उलटा चालतो. पॅनेल आधी येते, कारण त्याला अनुदान आहे, विक्रेता आहे आणि ते रस्त्यावरून दिसते. छताखालचा दोन सेंटिमीटरचा थर कुणाला दिसत नाही.

धोरणाने हा क्रम सरळ करावा. सूर्यघर योजनेचे अनुदान देताना छताच्या पांढऱ्या किंवा उष्णतारोधक थरासाठी एक छोटा हिस्सा राखून ठेवता येईल; सांगाडा बसवण्यापूर्वी ते काम केले तर खर्चही कमी येतो, कारण नंतर पॅनेलखाली हात पोहोचत नाही. इको निवास संहितेतील छताचा निकष छोट्या भूखंडांच्या बांधकाम परवान्यालाही लावता येईल. भिंती आणि खिडक्यांची गुंतागुंतीची आकडेमोड सोडून दिली तरी चालेल. एकटे छत पुरे. छत्तीसगडला लागून असलेल्या तेलंगणाने २०२३ मध्ये शीत-छतांसाठी स्वतंत्र धोरण आणले. अहमदाबादने २०१३ च्या उष्णता कृती आराखड्यानंतर वस्त्यांमधील छते पांढरी करण्याची वाट चोखाळली. मार्ग अनोळखी नाही.

वस्त्यांचा प्रश्न तर सर्वांत तातडीचा आहे. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबाला सौरसंच बहुधा मिळत नाही : छप्पर त्याचे वजन पेलत नाही, जागेची कागदपत्रे नसतात, अनुदानाआधी भरायचे पैसेही नसतात. भाडेकरूचेही तेच. पत्र्याला काँक्रीटसारखे वस्तुमान नसते. ऊन पडताच तो तापतो आणि रंग पांढरा केला की त्याच दुपारी फरक जाणवतो. सार्वजनिक पैशाचा एकेक रुपया किती माणसांची दुपार सुसह्य करतो, असा प्रश्न विचारला तर उत्तर पॅनेलकडे नव्हे, चुन्याच्या बादलीकडे बोट दाखवते. स्वच्छ ऊर्जेचे अनुदान केवळ स्वतःचे पक्के छत असलेल्यांपर्यंत पोहोचणार असेल, तर त्या योजनेला न्याय्य म्हणणे कठीण आहे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना यातले प्रत्येक विधान स्वतः तपासता येईल. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. एक अवरक्त तापमापक, वहीचे एक पान आणि मेमधला एक दिवस पुरेसा आहे. महाविद्यालयाच्या छताचा दोन मीटर लांब-रुंद तुकडा चुन्याने पांढरा करावा, शेजारचा तसाच ठेवावा; दर तासाला दोन्ही पृष्ठभागांचे आणि त्यांच्या खालच्या छताच्या आतल्या बाजूचे तापमान नोंदवावे. बाहेरची वक्ररेषा दुपारी दीडच्या सुमारास शिखर गाठेल, आतली संध्याकाळी. त्या दोन शिखरांमधले अंतर म्हणजेच शहराच्या रात्रीच्या विजेची गरज.

नवतपा दरवर्षी येणार आहे आणि सूर्य दरवर्षी याच आठवड्यात रायपूरच्या माथ्यावर उभा राहणार आहे. त्याच्या किरणांपासून वीज बनवणे हे आधुनिक शहाणपण. त्याच किरणांना घरात येऊ न देणे हे त्याहून जुने. शहाण्या घरात दोन्ही असावीत, आणि जुने आधी.